काळ, काम आणि वेग : एका दिवसाचा हिशोब

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त चिंचोटी येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



 आयोजकांनी विषय विचारला तेव्हा त्यांच्या मनात बहुधा ‘विद्यार्थी आणि संस्कार’ असे काही असावे. मी ‘काळ, काम, वेग’ असे म्हणताच पलीकडे क्षणभर शांतता पसरली. नंतर एका विश्वस्तांनी अतिशय नम्रपणे विचारले, “सर, हे भाषण स्मरणिकेत छापायचे आहे, हे आपल्याला ठाऊक आहे ना?” मला ठाऊक होते. तरीही हाच विषय मी धरून ठेवला. त्याचे कारण एक मुलगा आहे, आणि त्याच्याविषयी मला आज सर्वांसमक्ष बोलावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कामणच्या बाजूचा एक तरुण पोलीस भरतीच्या तयारीसाठी माझ्याकडे येत असे. पहाटे महामार्गाच्या कडेने धावण्याचा सराव, दिवसा वालीवच्या एका कारखान्यात काम आणि रात्री अभ्यास, असा त्याचा क्रम होता. मैदानी चाचणी तो उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला. लेखी परीक्षेत मात्र एका गुणाने त्याचे नाव यादीबाहेर राहिले. पुढच्या भरतीपर्यंत वयोमर्यादा उलटून गेली. तो मला भेटावयास आला तेव्हा त्याला परीक्षेतील एक प्रश्न अगदी अक्षरशः आठवत होता. “अ एक काम १२ दिवसांत करतो, ब तेच काम १५ दिवसांत करतो. दोघांनी एकत्र काम सुरू केले. ४ दिवसांनी अ काम सोडून गेला. तर संपूर्ण काम किती दिवसांत पूर्ण झाले?” त्याने ६ हा पर्याय निवडला होता. उत्तर १० होते.

शंभर प्रश्नांतील एकाच प्रश्नाने तो हुकला असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. आणखीही प्रश्न चुकलेच असतील. परंतु हा एक प्रश्न चुकला तो माझ्यामुळे. ‘काळ-काम-वेग : महत्त्वाची सूत्रे’ अशी दोन पानांची एक झेरॉक्स मी त्या काळी मुलांना वाटत असे. ‘एक जण मध्येच सोडून गेल्यास’ यासाठी तीत एक स्वतंत्र सूत्र होते. त्याने ते तोंडपाठ केले होते. सूत्रात आकडे घातले, ६ आले, त्याने ६ वर खूण केली. सूत्र चुकीचे नव्हते. मागे राहिलेल्या ब ला उरलेले काम करण्यास किती दिवस लागले, एवढेच ते सूत्र सांगत होते आणि ते ६ च होते. प्रश्नात विचारले होते एकूण दिवस. हे ६ कशाचे आहेत हे त्याला ठाऊक नव्हते, आणि मी त्याला ते कधी सांगितलेही नव्हते.

ती झेरॉक्स मी त्यानंतर वाटली नाही. तिच्याऐवजी मुलांना जे सांगू लागलो, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम एका शब्दाविषयी बोलू. तो शब्द म्हणजे ‘मिळून’. पहिली-दुसरीत आपण मुलांना काय शिकवतो? रमाकडे ५ पेरू, सीमाकडे ३ पेरू, दोघींकडे मिळून किती? ‘मिळून’ दिसले की बेरीज करावी, हे आपण शिक्षक मुलांच्या मनावर इतके बिंबवतो की पुढे तो शब्द दिसताच त्यांचा हात आपोआप अधिकचे चिन्ह काढतो. तोच मुलगा सातवी-आठवीत येतो आणि शिष्यवृत्तीच्या पुस्तकात वाचतो : अ १२ दिवसांत काम करतो, ब १५ दिवसांत, दोघे मिळून किती दिवसांत करतील? तो लिहितो २७. आपण त्याच्यावर रागावतो. “अरे, एकट्याला १२ दिवस लागतात आणि सोबतीला दुसरा आल्यावर २७ लागतील?” मूल खजील होते. पण खजील व्हायला हवे ते आपण, कारण ‘मिळून’चा हा एवढाच अर्थ आपणच त्याला दिलेला असतो.

आणि गंमत अशी की त्या मुलाची बेरीज करण्याची वृत्ती बरोबरच असते. इथेही बेरीजच करावयाची आहे. फक्त काय मिळवायचे, ते चुकते. अ चे १२ दिवस आणि ब चे १५ दिवस हे एकमेकांत मिळवता येत नाहीत, कारण दोघे तेच दिवस एकत्र घालवणार आहेत. सोमवार दोघांचा एकच आहे. मिळवता येते ते दोघांचे सोमवारचे काम. म्हणून या प्रकरणातील प्रत्येक गणितात पहिला प्रश्न एकच विचारावा : एका दिवसात किती होते?

अ एका दिवसात कामाचा १/१२ भाग करतो, ब १/१५ भाग. दोन्हींची बेरीज ९/६०, म्हणजे ३/२०. एका दिवसात ३/२० काम होत असेल, तर पूर्ण कामाला २०/३, म्हणजे ६ पूर्णांक २/३ दिवस. शाळेची रीत ही अशी आहे. ती निर्दोष आहे, पण अपूर्णांकांना भिणाऱ्या मुलांसाठी त्याच रीतीचे दुसरे रूप मला अधिक जवळचे वाटते. १२ आणि १५ यांचा लसावि ६०. काम म्हणजे ६० विटांची एक भिंत आहे असे समजू. अ ला १२ दिवस लागतात, म्हणजे तो रोज ५ विटा लावतो. ब ला १५ लागतात, म्हणजे रोज ४. दोघे मिळून रोज ९. साठ विटांना नवाने भागले की झाले. आता त्या तरुणाचे गणित पाहा. चार दिवसांत दोघांनी ३६ विटा लावल्या, २४ उरल्या. ब एकटा रोज ४ लावतो, म्हणजे त्याला ६ दिवस. आधीचे ४ आणि हे ६ मिळून १०. इथे ६ कशाचे आणि ४ कशाचे, हे विसरणे अवघड आहे. भिंत डोळ्यांसमोर उभी असते.

पालक मला म्हणतात, “सर, एवढा विचार करायला वेळ कुठे असतो? पोलीस भरतीला ९० मिनिटांत १०० प्रश्न.” खरे आहे. एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. पण आता मी जे केले त्याला किती वेळ लागला? लसावि, दोन भागाकार, एक बेरीज, एक गुणाकार, एक वजाबाकी, पुन्हा एक भागाकार, शेवटी एक बेरीज. सरावाने हे पाऊण मिनिटाच्या आत होते. सूत्र आठवण्यास, ते याच प्रकाराचे आहे की त्या प्रकाराचे हे ठरवण्यास, तेवढाच वेळ जातो. आणि ठरवण्यात चूक झाली तर तो सगळा वेळ पाण्यात.

शिवाय परीक्षेत पर्याय दिलेले असतात, ही मोठी सोय आहे. मुले तिचा उपयोग करत नाहीत. आकडेमोड करण्यापूर्वी उत्तराभोवती कुंपण घालावे. दोघेही अ सारखेच चपळ असते तर १२ चे निम्मे, ६ दिवस लागले असते. दोघेही ब सारखे असते तर १५ चे निम्मे, साडेसात. म्हणजे खरे उत्तर ६ आणि साडेसात यांच्या मध्येच कोठेतरी आहे. पर्याय ५ पूर्णांक २/३, ६ पूर्णांक २/३, १३ पूर्णांक १/२ आणि २७ असे असतील, तर पेन्सिल न उचलता उत्तर सापडते. साडेतेरा हा पर्याय कोठून आला, हेही पाहण्यासारखे आहे. ती १२ आणि १५ यांची सरासरी आहे. प्रश्न काढणारा आपल्या चुका आपल्यापेक्षा चांगल्या ओळखतो.

या गणितांत मुले आकडेमोडीत फारशी चुकत नाहीत. चुकतात ती वाचनात. आपल्या मराठीतील लहान लहान शब्द इथे सगळा खेळ करतात. एक उदाहरण देतो. अ १० दिवसांत आणि ब १५ दिवसांत काम करतो. भिंत ३० विटांची. अ रोज ३ लावतो, ब रोज २. दोघांनी एकत्र सुरुवात केली. आता पहिले वाक्य : ‘५ दिवसांनी अ निघून गेला.’ पाच दिवसांत २५ विटा झाल्या, ५ उरल्या, ब ला अडीच दिवस, एकूण साडेसात. दुसरे वाक्य : ‘काम संपण्याच्या ५ दिवस आधी अ निघून गेला.’ इथे शेवटचे ५ दिवस ब एकटा आहे. त्याने त्या दिवसांत १० विटा लावल्या. उरलेल्या २० विटा दोघांनी रोज ५ प्रमाणे ४ दिवसांत लावल्या होत्या. एकूण ९. आकडे तेच, माणसे तीच. ‘दिवसांनी’ आणि ‘दिवस आधी’ एवढाच भेद, आणि दोन्ही उत्तरे बहुधा त्याच चार पर्यायांत शेजारी शेजारी बसलेली असतात.

तसाच शब्द ‘कार्यक्षम’. अ हा ब पेक्षा २० टक्के अधिक कार्यक्षम आहे. ब ला १२ दिवस लागतात, तर अ ला किती? मुले १२ मधून २० टक्के वजा करून ९.६ लिहितात. परंतु २० टक्के अधिक आहे तो वेग. ब रोज ५ विटा लावत असेल, तर अ ६ लावतो. भिंत १२ गुणिले ५, म्हणजे ६० विटांची. अ ला १० दिवस. वेग वाढला की काळ घटतो हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याच टक्क्याने घटत नाही, हे सांगावे लागते.

जोड्यांच्या गणितात आणखी एक खड्डा आहे. अ आणि ब मिळून १२ दिवसांत, ब आणि क मिळून १५ दिवसांत, अ आणि क मिळून २० दिवसांत काम करतात. तिघे मिळून किती दिवसांत करतील? साठ विटा धरल्या तर जोड्यांचे रोजचे काम ५, ४ आणि ३, बेरीज १२. साठाला बाराने भागून ५ दिवस लिहिणारी मुले वर्गात निम्म्याहून अधिक असतात. पण या १२ मध्ये प्रत्येक जण दोनदा मोजला गेला आहे. तिघांचे खरे रोजचे काम ६, म्हणून उत्तर १० दिवस. आणि मग एकेकट्याचे कामही लगेच मिळते : अ रोज २, ब रोज ३, क रोज १. हा क बिचारा एकटा असता तर त्याला ६० दिवस लागले असते.

आळीपाळीने काम करण्याच्या गणिताविषयी थोडक्यात सांगतो. पुन्हा ५ आणि ४ विटांचे आपले जुने गवंडी घेऊ. एक दिवस अ, दुसऱ्या दिवशी ब. दोन दिवसांत ९ विटा, बारा दिवसांत ५४. उरल्या ६. तेराव्या दिवशी अ ५ लावतो, राहिलेली एक वीट ब चौदाव्या दिवसाच्या पाव भागात लावतो. उत्तर १३ पूर्णांक १/४. ब ने सुरुवात केली असती तर १३ पूर्णांक २/५. पहिल्या दिवशी कोण आला हे न वाचताच गणित सोडवणारा इथे फसतो.

मित्रहो, हे सर्व भरतीच्या मार्गदर्शिकांतून आले असे समजू नका. ही गणिते फार जुनी आहेत. चीनमधील ‘नऊ अध्याय’ या प्राचीन गणितग्रंथात पाच पाटांनी एक तळे भरण्याचे गणित आहे. पाट अनुक्रमे १/३ दिवसात, १ दिवसात, अडीच दिवसांत, ३ दिवसांत आणि ५ दिवसांत तळे भरतात. एकदम सोडले तर १५/७४ दिवसात तळे भरते. घरी पडताळून पाहा. आपल्याकडे भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त चार झऱ्यांचे गणित आहे. एक झरा कुंड १ दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा तृतीयांश दिवसात, चौथा षष्ठांश दिवसात. चारही एकदम मोकळे सोडले तर? पहिला दिवसाला १ कुंड भरतो, दुसरा २, तिसरा ३, चौथा ६. एकूण १२ कुंडे. म्हणजे एक कुंड दिवसाच्या बाराव्या हिश्श्यात, आपल्या घड्याळाचे दोन तास. पावसाळ्यात आपल्या चिंचोटीच्या धबधब्याकडे तुंगारेश्वराच्या डोंगरातून किती ओहोळ धावत येतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे गणित डोळ्यांनी समजेल. चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला, असे तो सांगतो. त्याला आपण आजच्या भाषेत अभ्यासिका म्हणू.

परंतु या सभागृहात ज्या नावाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, ते महावीराचार्यांचे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास, या जैन आचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. भास्कराचार्यांच्या तीनशे वर्षे आधी. त्यातील खातव्यवहाराच्या प्रकरणात नळांनी विहीर भरण्याची रीत दिलेली आहे. प्रत्येक नळाच्या वेळेने एकाला भागावे, आलेले अपूर्णांक समच्छेद करावेत, त्यांची बेरीज घ्यावी आणि त्या बेरजेने पुन्हा एकाला भागावे. मघाशी मी शाळेची रीत म्हणून जी सांगितली, ती हीच. आणि लसावि? अपूर्णांक समच्छेद करताना सर्व छेदांचा गुणाकार करत न बसता त्यांचा लघुतम सामाईक विभाज्य घ्यावा, हे भारतीय गणितज्ञांत प्रथम महावीराचार्यांनी सांगितले, असे गणिताचे इतिहासकार मानतात. त्यांनी त्याला ‘निरुद्ध’ अशी संज्ञा दिली. भरतीच्या पुस्तकांत ‘नवीन शॉर्टकट’ म्हणून जी लसावि पद्धत मोठ्या अक्षरांत छापलेली असते, ती इतकी नवीन आहे! हा ग्रंथ प्रा. रंगाचार्य यांनी १९१२ साली इंग्रजी भाषांतरासह मद्रासहून प्रसिद्ध केला आणि १९६३ साली त्याचा हिंदी अनुवाद आपल्याच महाराष्ट्रातून, सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाकडून, जीवराज जैन ग्रंथमालेत निघाला. आपल्या ट्रस्टच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत असावी, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे.

आता जरा पुस्तकाबाहेर येऊ. एका दिवसात एका माणसाचे काम किती, हा प्रश्न महाराष्ट्रात केवळ परीक्षेत विचारला गेला नाही. त्यावर लाखो माणसांची चूल पेटली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेत मजुरी दिवसावर नव्हे तर कामाच्या मोजमापावर ठरत असे. किती माती खोदली, किती खडी फोडली, त्यावर दाम. मग दर कसे ठरवायचे? सर्वसाधारण माणसाने सात तास मन लावून काम केले तर त्याला किमान वेतनाइतकी मजुरी पडावी, असे दर बांधावयाचे होते. म्हणजे सरकारला आधी हेच गणित सोडवावे लागले : सर्वसाधारण माणूस सात तासांत किती माती खोदतो? मऊ मातीत किती आणि मुरमात किती? इथे उत्तर चुकले तर गुण जात नाही, मजुरी जाते. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

त्या योजनेतील एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. दर कामाला होता, म्हणून तेवढ्याच मातीला स्त्रीला आणि पुरुषाला तेवढेच दाम. आपल्या गणिताच्या पुस्तकांत मात्र उलटे चित्र असते. ‘४ पुरुष किंवा ६ स्त्रिया एक काम २० दिवसांत करतात, तर २ पुरुष आणि २ स्त्रिया ते किती दिवसांत करतील?’ गणित म्हणून हे चांगले आहे. ‘किंवा’ आणि ‘आणि’ यांतला फरक ते शिकवते. २ पुरुष म्हणजे पहिल्या टोळीचा निम्मा भाग, २ स्त्रिया म्हणजे दुसऱ्या टोळीचा तिसरा भाग, बेरीज ५/६, म्हणून २० ला ५/६ ने भागून २४ दिवस. पण वर्षानुवर्षे प्रत्येक पुस्तकात स्त्रीचे काम कमीच का असावे? समान कामाला समान वेतनाचा कायदा या देशात १९७६ साली झाला, तो आपल्या गणिताच्या पुस्तकांपर्यंत पोहोचलाच नाही. मी वर्गात हे गणित ‘४ नवी यंत्रे किंवा ६ जुनी यंत्रे’ असे करून घालतो. आकडे तेच राहतात. एकदा एका मुलीने विचारले, “सर, पुस्तकात स्त्रिया आहेत, तुम्ही यंत्रे का केलीत?” मी तिलाच विचारले, तुझी आई कुठे काम करते? ती म्हणाली, “कंपनीत, नगावर.” पुढे काही बोलण्याची गरज पडली नाही. ज्या घरी नगावर मजुरी मिळते, त्या घरातील मुलाला ‘एका दिवसात किती’ हा प्रश्न शिकवावा लागत नाही. तोच प्रश्न पुस्तकात आहे, एवढे मात्र कोणीतरी त्याला सांगावे लागते.

ही सर्व गणिते एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे वेग सारखा राहतो. पहिल्या दिवशीचा गवंडी आणि दहाव्या दिवशीचा गवंडी सारखाच; दहा माणसे एकमेकांच्या पायांत येत नाहीत; अर्ध्या टाकीला असलेले भोक भरलेल्या टाकीइतक्याच जोराने गळते. व्यवहारात यातले काहीच पूर्णतः खरे नसते. टाकीतील पाणी कमी झाले की गळतीचा जोर कमी होतो. संगणकाच्या क्षेत्रात फ्रेड ब्रुक्स या अभियंत्याने १९७५ साली आपल्या पुस्तकात दाखवून दिले की रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसे लावली तर ते काम अधिकच रेंगाळते. परीक्षेत हे लिहू नका. तेथे सम वेगच धरावयाचा आहे. पण तो आपण धरला आहे, हे मनात असू द्या.

नळ आणि टाकीच्या गणिताला मी स्वतंत्र वेळ देत नाही. भरणारा नळ अधिक, रिकामी करणारा उणे, बाकी सारे तेच. आपल्या वसईकरांना तर हे प्रकरण शिकवण्याची गरजच नाही. पाणी किती वाजता येते, किती वेळ असते, इमारतीची टाकी किती तासांत भरते, टँकर मागवावा लागेल का, हा हिशोब आपल्या घरातील माउली रोज तोंडी करते. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेची क्षमता दररोज ४०३ दशलक्ष लिटर, त्यात वसई-विरारचा वाटा १८५ आणि मिरा-भाईंदरचा २१८. हे आकडे वर्तमानपत्रात वाचून आपण पुढे जातो. १८५ दशलक्ष लिटर म्हणजे किती? दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर दिवसाला साडेअठरा हजार टँकर. तासाला सुमारे ७७० टँकर. एका दिवसाचा आकडा असा समजून घेतला, म्हणजे पुढच्या वेळी ‘वाढीव पाणी’ या शब्दांपुढे आपण किती वाढीव, असे विचारू शकतो.

त्या तरुणाविषयी सांगायचे राहिले. तो आजही त्याच कारखान्यात आहे, आता पर्यवेक्षक म्हणून. दोन वर्षांपूर्वी तो आपल्या धाकट्या भावाला घेऊन माझ्याकडे आला. भावालाही भरतीलाच बसायचे होते. मी वहीत १२ आणि १५ चे गणित लिहिले. मी काही बोलण्यापूर्वीच थोरल्याने भावाच्या हातातून पेन घेतले, गणितातील ‘संपूर्ण’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि पेन परत दिले. मी गप्प राहिलो.

वेळ संपत आली आहे. जाता जाता एक गणित विद्यार्थ्यांसाठी ठेवतो. एक पंप एक रिकामी टाकी ६ तासांत भरतो. टाकीची उभी भिंत सरळ आहे. एके दिवशी टाकी भरायला ७ तास लागले. शोध घेतल्यावर टाकीच्या बरोबर निम्म्या उंचीवर एक छिद्र आढळले. पाण्याची पातळी छिद्राच्या वर असताना त्यातून दर तासाला सारखेच पाणी जाते असे समजावे. आता टाकी पूर्ण भरलेली आहे, पंप बंद केला आहे, कोणीही नळ सोडलेला नाही. तर टाकी पूर्ण रिकामी होण्यास किती तास लागतील?

याचे उत्तर स्मरणिकेत छापू नये, अशी संपादकांना माझी विनंती आहे. जय जिनेंद्र.